'गो ऑफ हाफ-कॉक्ड' : अपुऱ्या तयारीविषयीच्या एका इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ आणि इतिहास

प्रस्तावना

पुरेशी तयारी न करता एखादे काम हाती घेणे अथवा पूर्ण माहिती नसताना एखादे विधान करून बसणे यासाठी इंग्रजीत 'गो ऑफ हाफ-कॉक्ड' असा वाक्प्रचार रूढ आहे. ब्रिटिश इंग्रजीत तोच 'गो ऑफ ॲट हाफ-कॉक' या रूपात आढळतो. कोशांमध्ये त्याचा अर्थ 'अपुऱ्या तयारीने किंवा घाईने कृती करणे' असा दिलेला असतो आणि उगम बंदुकीच्या रचनेत असल्याचे एका ओळीत नमूद केलेले असते. महाविद्यालयीन अध्यापनात बहुधा एवढ्यावरच समाधान मानले जाते. 'घाईगडबडीत सैनिक अर्धवट सज्ज बंदूक घेऊन रणांगणावर गेला आणि ऐन वेळी बंदूक उडालीच नाही', अशी एक सुबोध कथाही त्याबरोबर सांगितली जाते.

ही कथा लक्षात राहण्यास सोपी असली तरी ती वाक्प्रचारातील शब्दांशी जुळत नाही. बंदुकीच्या संदर्भात 'गो ऑफ' या क्रियापदाचा अर्थ 'बार उडणे' असा आहे. कथेत मात्र बार उडतच नाही. म्हणजेच ज्या घटनेतून हा वाक्प्रचार जन्मास आला, तिच्या नेमकी उलट घटना या स्पष्टीकरणात सांगितली जाते. हा केवळ तपशिलाचा दोष नव्हे. बंदूक उडाली नाही, तर दोष तिला सज्ज न करणाऱ्या सैनिकाकडे जातो. बंदूक उडू नये अशा स्थितीत ठेवलेली असूनही उडाली, तर दोष कोणाचा, हा प्रश्न शिल्लक राहतो. प्रस्तुत निबंधात या वाक्प्रचारामागील यंत्ररचना, तिचा सैनिकी कवायतीतील उपयोग आणि त्यातून घडलेले अर्थांतर यांचा विचार केला आहे. मूळ यंत्राच्या दोषाचे वर्णन करणारे शब्द कालांतराने माणसाच्या दोषाचे वर्णन कसे करू लागले, हे त्यातून स्पष्ट होते.

'कॉक' या शब्दाचा अर्थ

प्रथम 'कॉक' हा शब्द पाहणे आवश्यक आहे. जुन्या ठासणीच्या बंदुकीत बारूद पेटवण्यासाठी पुढे झेप घेणारा जो वाकडा भाग असतो, त्यास इंग्रजीत 'कॉक' म्हणजे कोंबडा असे नाव पडले. चोच पुढे करून टोचणाऱ्या पक्ष्याशी असलेले त्याचे साम्य यास कारणीभूत झाले असावे. जर्मन भाषेत त्यास 'हान' व डच भाषेत 'हान' असेच म्हणतात. दोन्हींचा अर्थ कोंबडा असाच आहे. फ्रेंच भाषेत त्याच भागास 'शियँ', इटालियनमध्ये 'काने' आणि पोर्तुगीजमध्ये 'कांव' अशी नावे असून त्या तिन्हींचा अर्थ कुत्रा असा होतो. मराठीत हा भाग 'घोडा' या नावाने ओळखला जातो. बोलीत बंदुकीच्या चापासही कधी कधी घोडा म्हटले जाते. प्रस्तुत निबंधात मात्र 'घोडा' म्हणजे प्रहार करणारा वरचा भाग आणि 'चाप' म्हणजे बोटाने ओढावयाचा खालचा भाग असा भेद पाळला आहे.

निरनिराळ्या भाषांनी या भागास प्राण्याचेच नाव द्यावे, ही बाब लक्षणीय आहे. बंदुकीच्या इतर भागांची नावे निर्जीव वस्तूंवरून आली. नळी, दस्ता, गज, चाप ही त्याची उदाहरणे होत. ज्या भागाच्या अंगी झेप घेण्याची क्षमता आहे, त्यासच सजीवाचे नाव मिळाले. या सजीवास आवरून धरण्याची गरज होती आणि 'हाफ-कॉक' ही त्या आवरण्याचीच एक पायरी होय.

तोड्यापासून चकमकीपर्यंत

युरोपातील आरंभीच्या हातबंदुका तोड्याच्या होत्या. सोऱ्यात भिजवून वाळवलेली दोरी, म्हणजे तोडा, एका वाकड्या पकडीत अडकवलेला असे. चाप ओढला की जळता तोडा रंजकावर टेकत असे. रंजक म्हणजे नळीच्या कानाशी बाहेरच्या बाजूस ठेवलेली बारीक बारूद. तिचा भडका कानातून आत शिरून नळीतील मुख्य बारूद पेटवीत असे. या पद्धतीत तोडा सतत जळत ठेवावा लागे, पावसात तो विझे आणि रात्री त्याचा निखारा शत्रूस दिसे. सोळाव्या शतकात प्रचारात आलेल्या चक्राच्या बंदुकीत दातेरी पोलादी चक्र फिरून लोहमाक्षिकावर घासले जाई व ठिणग्या उडत. ही रचना गुंतागुंतीची व महाग होती. त्यामुळे सामान्य पायदळाच्या हाती ती फारशी आली नाही.

यानंतर गारगोटी आणि पोलाद यांच्या आघातावर चालणारी चकमकीची बंदूक पुढे आली. तिच्या आरंभीच्या एका प्रकारात ठिणगी पाडणारी पोलादी पट्टी आणि रंजकाच्या वाटीवरील झाकण हे दोन भाग वेगवेगळे होते. रंजक भरून झाकण लावल्यानंतर पोलादी पट्टी पुढे सारून ठेवता येत असे. मग घोडा चुकून सुटला तरी गारगोटीस आघात करण्यास समोर काहीच नसे. सुरक्षिततेची ही सोय साधी व परिणामकारक होती.

पुढे पट्टी आणि झाकण यांचा एकच भाग करण्यात आला. परिपूर्ण चकमकीच्या कळीचे श्रेय सामान्यतः फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील लिझिए येथील कारागीर मारँ ल बूर्जुआ यास दिले जाते. १६१०च्या सुमारास त्याने तेराव्या लुईसाठी अशी बंदूक घडवली, असे मानले जाते. या रचनेत गारगोटीच्या आघाताने पोलादी पट्टी मागे उलटते, ठिणग्या पडतात आणि त्याच क्षणी वाटी उघडून रंजक समोर येते. एका हालचालीत दोन कामे झाल्यामुळे बंदूक स्वस्त, वेगवान व वापरण्यास सोपी झाली.

या सुधारणेने एक नवी अडचण मात्र निर्माण केली. घोडा पूर्णपणे खाली असताना गारगोटी पट्टीच्या मार्गात येते आणि वाटीचे झाकण लागतच नाही. रंजक सुरक्षित ठेवावयाचे असेल तर घोडा मागे ओढूनच ठेवावा लागतो. झाकण लागले की पोलादी पट्टीही आपोआप गारगोटीसमोर उभी राहते. म्हणजे रंजक भरलेली प्रत्येक बंदूक कायम झेप घेण्याच्या पवित्र्यात राहणार होती. घोडा मागे असावा, पण सुटू नये, अशी मधली स्थिती त्यामुळे अपरिहार्य ठरली. हीच 'हाफ-कॉक' किंवा अर्धा चढवलेला घोडा होय.

अर्ध्या खाचेची रचना

घोड्याच्या आसाशी कळीच्या आतील बाजूस एक फिरती चकती जोडलेली असते. बळकट कमान या चकतीस सतत पुढे ढकलत असते. चकतीच्या कडेवर दोन खाचा असून अडसराचे टोक त्यात बसते. घोडा पूर्ण मागे ओढला असता अडसर दुसऱ्या खाचेत बसतो. ही खाच मुद्दाम उथळ ठेवलेली असते. बोटाने चाप ओढताच अडसर तीतून सहज बाहेर येतो आणि घोडा सुटतो.

पहिली, म्हणजे अर्धी खाच याच्या उलट प्रकारची असते. ती खोल व आतून कोरलेली असल्यामुळे अडसराचे टोक तीत अडकून बसते. चाप कितीही ओढला तरी अडसर हलू नये, अशी अपेक्षा असते. घोडा आणखी मागे ओढून पूर्ण चढवल्याखेरीज बंदूक उडणार नाही, हा या खाचेचा हेतू होय. तेव्हा 'अर्धा चढवलेला घोडा' ही अपुरेपणाची स्थिती नसून विचारपूर्वक योजलेली सुरक्षिततेची स्थिती होती. 'हाफ' या शब्दाचा आजच्या वाचकाच्या मनावर होणारा 'अर्धवट' असा संस्कार मूळ संदर्भात लागू पडत नाही.

परंतु ही सुरक्षितता सर्वस्वी धातूच्या एका लहानशा टोकावर अवलंबून होती. वारंवार वापराने खाचेची कड झिजे. अडसराचे पोलाद नीट पाणी दिलेले नसेल तर टोक तुटे. घोडा मागे ओढताना अडसर खाचेत पूर्ण न बसता केवळ कडेवर टेकला, तर किंचित धक्क्यानेही तो घसरे. अशा वेळी चापास बोट न लागताही घोडा सुटून बार उडे. इंग्रजीत 'गो ऑफ ॲट हाफ-कॉक' हे शब्द प्रथम या घटनेचे शब्दशः वर्णन म्हणून वापरले जात होते. त्यात निंदा नव्हती. घडलेल्या अपघाताचे कारण सांगणारे ते एक तांत्रिक विधान होते.

कवायतीतील स्थान

हा अपघात केव्हा घडत असे, हे पाहिले म्हणजे वाक्प्रचारातील 'अपुरी तयारी' हा अर्थ कोठून आला याचा उलगडा होतो. अठराव्या शतकातील पायदळाच्या कवायतीत बंदूक भरण्याची प्रत्येक हालचाल ठरलेली होती आणि प्रत्येक हालचालीस स्वतंत्र हुकूम होता. ब्रिटिश सैन्याची १७६४ची हत्यारांची कवायत आणि अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात व्हॅली फोर्ज येथील छावणीत सैन्यास शिस्त लावणाऱ्या फ्रीड्रिख फॉन श्टॉयबेन यांनी १७७९मध्ये सिद्ध केलेली नियमावली यांत हा क्रम आढळतो. गोळी झाडल्यानंतर पुन्हा बंदूक भरण्यासाठीचा पहिला हुकूम घोडा अर्धा चढवण्याचा असे. त्यानंतर काडतूस हाती घेऊन दाताने फाडणे, त्यातील थोडी बारूद रंजक म्हणून वाटीत घालणे, झाकण लावणे, उरलेली बारूद व गोळी नळीच्या तोंडातून आत टाकणे, गज बाहेर काढणे, ठासणे आणि गज पुन्हा जागी ठेवणे अशी कामे होत. घोडा पूर्ण चढवण्याचा हुकूम नेम धरण्यापूर्वी, अगदी अखेरीस दिला जाई.

या क्रमात रंजक आधी भरले जाते आणि मुख्य बारूद नंतर, ही गोष्ट महत्त्वाची आहे. सैनिक जेव्हा नळीत बारूद ओतत असतो व गजाने ठासत असतो, तेव्हा वाटीत रंजक आहे, पोलादी पट्टी समोर उभी आहे आणि गारगोटी तिच्यापासून थोड्याच अंतरावर अडवून धरलेली आहे. त्याचा हात नळीच्या तोंडाशी आहे, चेहराही फारसा दूर नाही आणि शेजारचा सैनिक खांद्यास खांदा लावून उभा आहे. या साऱ्यांचे संरक्षण एकट्या अर्ध्या खाचेवर सोपवलेले आहे. ती निसटली तर तयारी चालू असतानाच बार उडतो. नेम धरलेला नसतो, हुकूम झालेला नसतो आणि गजही कदाचित नळीतच असतो.

म्हणजे 'अपुरी तयारी' हा अर्थ सैनिकाच्या हलगर्जीपणातून आलेला नाही. अर्धा चढवलेला घोडा हा तयारीच्या काळाचा दर्शक होता. त्या काळात बार उडणे म्हणजे तयारी पूर्ण होण्यापूर्वी बार उडणे. सैनिक कवायतीप्रमाणे योग्य तेच करीत असताना यंत्राने त्यास दगा दिलेला असे. कामाच्या मध्येच, वेळेआधी घडलेली स्फोटक घटना हा लाक्षणिक अर्थाचा गाभा येथे तयार झाला.

या बंदुकांचा संबंध महाराष्ट्राच्या इतिहासाशीही येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांसाठी घडवलेला 'इंडिया पॅटर्न' हा चकमकीच्या बंदुकीचा साधा व स्वस्त नमुना १७९०च्या दशकात फ्रान्सविरुद्धच्या युद्धाच्या गरजेपोटी ब्रिटिश सरकारनेही स्वीकारला. दुसरीकडे महादजी शिंदे यांनी १७८४पासून बेन्वा द ब्वान्य याच्या हाताखाली उभारलेल्या पलटणी युरोपीय धर्तीच्या कवायतीत तरबेज झाल्या होत्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्ली याच्या सैन्यासमोर शिंद्यांच्या ज्या कवायती पलटणी उभ्या ठाकल्या, त्यांच्या हातीही चकमकीच्या बंदुका होत्या. घोडा अर्धा चढवून काडतूस भरण्याची क्रिया त्या दिवशी दोन्ही बाजूंनी एकाच पद्धतीने झाली असणार. मराठीतील 'काडतूस' हा शब्द मात्र त्यापूर्वीच पोर्तुगीज भाषेतून आला होता. बंदुकीची परिभाषा मराठीत इंग्रजीच्या आधीच रुजली होती, याचे हे द्योतक होय.

पहिला बार कोणाचा?

यंत्राचा दोष आणि माणसाचा दोष यांतील फरक किती दूरगामी असू शकतो, याचे एक उदाहरण अमेरिकी इतिहासात सापडते. १९ एप्रिल १७७५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन येथे ब्रिटिश तुकडी व स्थानिक लोकसेना समोरासमोर आल्या. आधी गोळी झाडायची नाही, अशी भूमिका दोन्ही बाजूंनी नंतर मांडली आणि प्रतिपक्षानेच आरंभ केल्याचा आरोप केला. प्रत्यक्षात पहिला बार कोणी उडवला, हे निश्चित झालेले नाही. तो अनवधानाने उडाला असावा, ही मांडल्या गेलेल्या शक्यतांपैकी एक आहे. त्या सकाळी सुरू झालेले युद्ध आठ वर्षे चालले. ते युद्ध एका बारामुळे झाले असे अर्थातच म्हणता येणार नाही. परंतु चकमकीच्या बंदुकीच्या काळात 'बार उडाला' आणि 'बार उडवला' या दोन विधानांमध्ये केवढे अंतर होते, हे यावरून ध्यानी येते. एका विधानात अपघात आहे, दुसऱ्यात आक्रमण आहे.

शब्दशः अर्थाकडून लाक्षणिक अर्थाकडे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा वाक्प्रचार अमेरिकेत लाक्षणिक अर्थाने चांगलाच रुळला होता. अमेरिकी कवी जेम्स रसेल लोवेल यांच्या 'बिग्लो पेपर्स' या उपरोधिक काव्यमालेत त्याचा वापर आढळतो. त्याचा संदर्भ उद्बोधक आहे. नोव्हेंबर १८६१मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, अमेरिकी नौदलाच्या कॅप्टन चार्ल्स विल्क्स याने 'ट्रेंट' हे ब्रिटिश टपालजहाज अडवून त्यावरील मेसन व स्लायडेल या दक्षिणेच्या दोन वकिलांना ताब्यात घेतले. ब्रिटनमध्ये प्रक्षोभ झाला आणि युद्धाचा प्रसंग उभा राहिला. अखेर डिसेंबरमध्ये लिंकन यांच्या सरकारने दोघांना मुक्त करण्याचे मान्य केले. १८६२च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या या प्रकरणावरील कवितेत लोवेल यांनी कॉन्कर्डचा पूल आणि बंकर हिलचे स्मारक यांचा संवाद रचला आहे. १७७५मध्ये चकमकीच्या बंदुकांचे बार जेथे झडले, त्याच या जागा. त्या संवादात संतापाच्या भरात 'हाफ-कॉक' स्थितीत उडू नये, असा उपदेश येतो.

येथे वाक्प्रचाराचा कर्ता बदलला आहे. आता उडणारी वस्तू बंदूक नसून माणूस आहे. माणसाच्या अंगी बंदुकीप्रमाणे झिजलेली खाच नसते. त्याने स्वतःस आवरावयाचे असते आणि तो आवरत नाही. यंत्राच्या बाबतीत जो अपघात होता, तो माणसाच्या बाबतीत संयमाचा अभाव ठरतो. वाक्प्रचारातील शब्द तेच राहिले, परंतु वर्णनाची जागा उपदेशाने व दोषारोपाने घेतली.

हे अर्थांतर घडत असताना यंत्रही बदलत होते. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी येथील धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फोर्साइथ यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनावर चालणाऱ्या कळीचे पेटंट १८०७मध्ये घेतले. त्यातून पुढे टोपीची बंदूक विकसित झाली आणि १८४०च्या सुमारास ब्रिटिश पायदळात तिने चकमकीच्या बंदुकीची जागा घेण्यास आरंभ केला. टोपीच्या बंदुकीत भरण्याचा क्रम उलटला. बारूद व गोळी आधी ठासली जाई आणि त्यानंतर घोडा अर्धा चढवून पेटवणारी टोपी बसवली जाई. ठासताना बार उडण्याचा जुना धोका त्यामुळे बराच कमी झाला. अर्धी खाच मात्र कायम राहिली. १८७३चे कोल्ट रिव्हॉल्व्हर आणि १८९४ची विंचेस्टर रायफल यांतही ती आढळते. मूळ अपघात जसजसा विरळ होत गेला, तसतसा वाक्प्रचार यंत्रापासून सुटा होऊन माणसाच्या स्वभावास चिकटत गेला, असा निष्कर्ष या कालक्रमावरून काढता येतो.

अमेरिकी व ब्रिटिश रूपांतील भेद

आजच्या इंग्रजीत या वाक्प्रचाराची दोन रूपे नांदतात. त्यांच्यातील भेद सहसा लक्षात घेतला जात नाही. अमेरिकी 'गो ऑफ हाफ-कॉक्ड' या रूपाचा कर्ता बहुधा व्यक्ती असते. पूर्ण माहिती न घेता तावातावाने बोलणारा अथवा निर्णय घेणारा माणूस त्यातून सूचित होतो. ब्रिटिश 'गो ऑफ ॲट हाफ-कॉक' या रूपाचा कर्ता पुष्कळदा योजना, मोहीम किंवा समारंभ असतो. पूर्वतयारीच्या अभावी बेत फसला, असा त्याचा आशय असतो. पहिल्यात उतावळेपणावर भर आहे, तर दुसऱ्यात अपयशावर. बंदुकीच्या मूळ अपघातात हे दोन्ही घटक एकत्र होते. बार वेळेआधी उडत असे आणि तो वायाही जात असे. इंग्रजीच्या दोन शाखांनी त्यातील एकेक घटक विशेषत्वाने उचललेला दिसतो.

अमेरिकी रूपात आणखी एक गोष्ट घडली आहे. 'गो ऑफ' या क्रियापदाचा 'निघून जाणे' असाही अर्थ इंग्रजीत आहे. कर्ता व्यक्ती झाल्यावर हा दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात सहज डोकावतो. 'अर्धवट सज्ज होऊन निघाला' असे चित्र त्यातून उभे राहते. आरंभी उल्लेखिलेल्या सैनिकाच्या कथेस या श्लेषाने बळ दिले असावे. 'बार उडणे' हा अर्थ विसरला गेला की 'हाफ' म्हणजे अर्धवट आणि 'गो ऑफ' म्हणजे निघणे अशी नवी जुळणी तयार होते. यंत्राची माहिती नसलेल्या पिढ्यांना ती पूर्णपणे समाधानकारक वाटते.

जर्मन भाषेतील समांतर प्रयोग

तुलनेसाठी जर्मन भाषेतील एक प्रयोग पाहता येईल. जर्मनमध्ये अर्ध्या खाचेस 'रूरास्ट' असे म्हणतात. त्यात 'रू' म्हणजे विश्रांती हा शब्द आहे. इंग्रजी नाव घोडा किती चढवला हे सांगते, तर जर्मन नाव तो विसावला आहे हे सांगते. जर्मन भाषिक प्रदेशांत हाकाऱ्याची शिकार संपली की 'हान इन रू', म्हणजे घोडा विश्रांतीत ठेवा, असा इशारा देण्याची प्रथा आहे. घोडा नसलेल्या आधुनिक बंदुकांच्या काळातही शिकार थांबल्याची ती खूण म्हणून टिकून आहे.

एकाच खाचेतून दोन भाषांनी परस्परविरुद्ध अर्थ घडवले आहेत. जर्मनने ती खाच जेव्हा आपले काम चोख करते तो क्षण पकडला. इंग्रजीने ती जेव्हा दगा देते तो क्षण पकडला. वाक्प्रचाराचा अर्थ वस्तूतून आपोआप निपजत नाही, तर त्या वस्तूच्या कोणत्या अनुभवास समाज स्मरणात ठेवतो यावर तो अवलंबून असतो, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

मराठी पर्यायांचा विचार

या वाक्प्रचाराचा मराठी अनुवाद करताना वरील भेद उपयोगी पडतात. शब्दसाम्यामुळे 'अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे' ही म्हण सुचण्याचा संभव असतो. परंतु तिचा रोख थोड्याशा यशाने हुरळून जाण्याकडे आहे, अपुऱ्या तयारीकडे नाही. 'तहान लागल्यावर विहीर खणणे' यात तयारीचा अभाव आहे, पण तेथे कृती उशिरा होते. येथे ती वेळेआधी होते. अमेरिकी रूपासाठी 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' ही म्हण अधिक जवळची आहे. ब्रिटिश रूपासाठी 'बार फुसका निघणे' हा प्रयोग चालू शकेल. मात्र त्याचे नाते इंग्रजीतील 'फ्लॅश इन द पॅन' या दुसऱ्या वाक्प्रचाराशी अधिक आहे. रंजक भडकले, पण आग नळीत पोहोचली नाही, अशी ती घटना होय. हाफ-कॉकच्या अपघातात बार नको तेव्हा उडतो. फुसक्या बारात तो हवा तेव्हा उडत नाही. दोहोंची गल्लत टाळणे आवश्यक आहे.

मराठीत बंदुकीवरून आलेला सर्वपरिचित प्रयोग 'दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे' हा आहे. त्यात बंदूक चालवणारा हात स्पष्ट आहे. प्रश्न फक्त तो लपवण्याचा आहे. इंग्रजी वाक्प्रचाराच्या मुळाशी मात्र कोणाचाही हात नसताना उडालेली बंदूक आहे. या फरकामुळेच त्यास नेमका मराठी प्रतिशब्द मिळत नाही. अनुवादकाने कर्ता व्यक्ती आहे की योजना आहे हे पाहून पर्याय निवडणे श्रेयस्कर ठरते.

निष्कर्ष

'गो ऑफ हाफ-कॉक्ड' या वाक्प्रचाराच्या इतिहासावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. अर्धा चढवलेला घोडा ही बेसावधपणाची नव्हे, तर सावधगिरीची स्थिती होती. चकमकीच्या कळीतील एका सोयीस्कर सुधारणेने निर्माण केलेला धोका टाळण्यासाठी तिची योजना झाली होती. कवायतीत बंदूक भरण्याचा संपूर्ण काळ या स्थितीत जात असल्यामुळे, त्या काळात उडालेला बार हा तयारी पूर्ण होण्यापूर्वीचा बार ठरला. 'अपुरी तयारी' हा अर्थ तेथून आला. एकोणिसाव्या शतकात बंदुकीऐवजी माणूस या क्रियेचा कर्ता झाला आणि यंत्राचा अपघात माणसाचा दोष बनला.

वर्गात हा वाक्प्रचार शिकवताना सैनिकाच्या हलगर्जीपणाची कथा सांगितली, तर अर्थ लक्षात राहील, पण इतिहास उलटा होईल. नियमाप्रमाणे वागूनही ज्याचा हात भाजला, त्या सैनिकालाच आपण निष्काळजी ठरवू. अपुऱ्या तयारीचा ठपका ठेवण्यापूर्वी दोष व्यक्तीचा आहे की तिच्या हाती दिलेल्या साधनाचा, हे तपासावे लागते. तो प्रश्न या वाक्प्रचाराच्या शब्दांत मुळापासूनच होता. वापराच्या ओघात तेवढाच त्यातून गळून पडला.